फुलाकडे सगळ्यात शेवटी बघायचं

हिमालयात तीन हजार मीटरच्या वर पावसाळ्यात कुठेही उभं राहा, हाताच्या अंतरावर पाच पाकळ्यांचं एक पिवळं फूल असतंच. समोरून काढलेला त्याचा सुंदर फोटो ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. तेच फूल बोटाने हळूच उलटं करा. पाकळ्यांखाली पाच हिरवी निदलं, म्हणजे कळीला झाकणारी बाहेरची दलं, दिसतात. त्यांच्या मधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला आणखी पाच अरुंद हिरव्या पट्ट्या डोकावत असतील, तर ते गुलाबाच्या कुळातलं पोटेंटिला किंवा जिअम. या जादा पट्ट्या नसतील, पाकळी वार्निश लावल्यासारखी चकाकत असेल आणि तिच्या तळाशी भिंगातून मधाचा बारीक खवला दिसत असेल, तर ते रॅननक्युलस. हिरवी निदलंच नसतील, पानं गोल असतील आणि पाय चिखलात रुतत असतील, तर तो कॅल्था. त्याच्या ‘पाकळ्या’ म्हणजे खरं तर रंगीत निदलं. चार प्रजाती (जीनस; त्याखालच्या स्पीशीजला आम्ही जाती म्हणतो), दोन कुळं, आणि सगळा फरक फुलाच्या पाठीवर.

गढवालमध्ये ऋतू धरून जायला लागल्यापासून आम्ही एक शिस्त पाळतो. फुलाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायचं. आधी जमीन, मग बुंध्यापाशी असलेली पानं, मग खोड, मग फुलाची मागची बाजू, आणि मग फूल. पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातल्या फुलोंकी घाटी (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) आणि हेमकुंडच्या वाटेवरचं आहे. महाराष्ट्रातले बरेच ट्रेकर तिथे जातात, आणि ‘हे कुठलं फूल?’ असे बरेच फोटोही तिथूनच घेऊन येतात.

कधी जायचं, हे आधी ठरवावं लागतं. घाटी १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते, पण जूनची घाटी आणि सप्टेंबरची घाटी यांत फार थोडी झाडं सामाईक दिसतात. जूनमध्ये बर्फ वितळत असलेल्या कडेला प्रिम्युला, कॅल्था, अ‍ॅनिमोन, ट्रोलियस असतात. बर्फाची रेघ रोज मागे सरकते आणि तिच्यामागून फुलांची रेघ चालत जाते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सगळ्यात जास्त जाती एका वेळी फुललेल्या असतात. ऑगस्टच्या अखेरीला जेन्शियन, सायानँथस आणि वर हेमकुंडला ब्रह्मकमळ. सप्टेंबरमध्ये रंग ओसरतात, पण फळं धरतात, आणि काही कुळांची ओळख फळाशिवाय होतच नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने जुलैअखेर निवडावी. दरडींमुळे ऋषिकेश-जोशीमठ रस्ता बंद पडतो, म्हणून हातात दोन दिवस जादा ठेवायचे. जादा दिवस न ठेवणाऱ्यांचे घाटीचेच दिवस कापले जातात.

सामान थोडंच लागतं, पण ते अचूक हवं. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, गळ्यात दोरीला अडकवलेलं. खिशात ठेवलेलं भिंग वापरलं जात नाही. १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी. तळहाताएवढी वही आणि पेन्सिल. पेनाची शाई पावसात पसरते, जेल पेनाची तर संपूर्ण पानंच जातात. फुलामागे धरायला काळ्या कापडाचा रुमालाएवढा तुकडा. गुडघ्याखाली घ्यायला फोमचा तुकडा, कारण निम्मं काम गुडघ्यावर बसून होतं. आणि मोठी छत्री. पोंचो अंगाला ठीक आहे, पण छत्री माणसाबरोबर झाड आणि कॅमेराही कोरडा ठेवते, शिवाय वारा अडवते. जादा बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. गार झालेला फोन मात्र त्या उबदार, दमट खिशात ठेवला, की लेन्सवर वाफ धरते आणि फोटो दुधाळ येतात. तो सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, बाहेरच्याच तापमानाला ठेवायचा.

गोविंदघाटपासून पुलनापर्यंत गाडी जाते, तिथून घांगरियापर्यंत साधारण दहा किलोमीटर चाल. घांगरिया ३,०५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे ही वाट झाडीतूनच जाते. बरेच जण ती घोड्यावर बसून उरकतात. डोळा तयार करायला हीच वाट सगळ्यात चांगली, कारण इथे सह्याद्रीतली ओळखीची कुळं भेटतात. नागाच्या फण्यासारखा अ‍ॅरिसिमा दिसला, की आपला सापकांदा आठवतो. तेरड्याचे भाऊबंद तर पावलोपावली. तेरडा ओळखताना समोरच्या रंगीत पाकळ्या सोडायच्या आणि मागची पिशवी बघायची: ती नरसाळ्यासारखी निमुळती होते की अचानक आखडते, टोकाची शेपटी सरळ आहे की वळलेली, तिची लांबी किती. वर घाटीत माणसाच्या डोक्यावर जाणारा गुलाबी-जांभळा तेरडा, इम्पॅशन्स सल्काटा, एकरच्या एकर व्यापून असतो. तो याच पिशवीवरून ओळखायचा.

सह्याद्रीत तयार झालेला डोळा इथे एका बाबतीत मात्र फसतो. कासच्या सड्यावरची बहुतेक फुलझाडं वर्षायू असतात. पावसात उगवतात, फुलतात, बी टाकून मरतात. त्यामुळे आपल्याला फूल आणि वरचं खोड बघायची सवय लागते. वृक्षरेषेवरची बहुतेक झाडं बहुवर्षायू आहेत. उन्हाळा चार महिन्यांचा, म्हणून जमिनीखाली जाड मूळ किंवा कंद राखून ठेवायचा आणि बर्फ हटला की तिथूनच फुटायचं, ही त्यांची रीत. ओळखीच्या खुणा म्हणून बुडाशी असतात: पानांचा चक्राकार झुबका, मागल्या वर्षीच्या देठांचे तपकिरी धागे, पानाच्या देठाचं आवरण. दाट गवतात हे बूड दिसत नाही. तिथे गवत उपटायचं नाही, दोन बोटांनी बाजूला करायचं आणि फुलाच्या खोडावरून बोट खाली नेत नेत जमिनीला टेकवायचं. ही पायरी टाळली, की शेजारच्या भलत्याच झाडाच्या पानांचा फोटो या फुलाच्या नावावर जमा होतो. नंतर घरी बसून कोणतीही जाती जुळत नाही, आणि चूक कुठे झाली हेही कळत नाही. नवख्यांच्या नोंदींत आम्हाला सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक हीच.

घांगरियाहून घाटीच्या चौकीवर सकाळी सातच्या आधी पोचलेलं बरं. दुपारनंतर आत सोडत नाहीत, संध्याकाळी पाचच्या सुमाराला सगळ्यांना बाहेर यावं लागतं आणि आत मुक्काम करता येत नाही. पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडून चढ संपला, की भोजपत्राची झाडं विरळ होतात आणि समोर घाटी उघडते: सुमारे आठ किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना इथे उतरला आणि १९३७ मध्ये खास झाडं गोळा करायला पुन्हा आला. १९३९ मध्ये झाडं गोळा करतानाच कड्यावरून पडून गेलेल्या वनस्पती-अभ्यासक जोन मार्गारेट लेग यांची कबर आत आहे. बहुतेक लोक तिथपर्यंत जाऊन मागे फिरतात. झाडं ओळखायला गेलेल्यांनी तेवढंही अंतर कापायचा हट्ट धरू नये. एका दिवसात वीस-पंचवीस झाडांची नीट नोंद होते. त्याहून जास्त केल्या, की शेवटच्या दहा नोंदी अर्धवट निघतात.

वाटेवर फक्त चालत राहिलं, तर दिवसभर तीच दहा-बारा फुलं दिसतात. म्हणून जागा बदलतील तिथे थांबायचं. भोजपत्राखालची सावली, ओढ्याची भिजलेली कड, हिमकडा कोसळून साफ झालेला उतार, मोठ्या धोंड्याचा आडोसा, नदीकाठची वाळू-खडी, उघडा बुग्याल, म्हणजे गढवालमधलं उंचावरचं कुरण. प्रत्येक जागेची मंडळी वेगळी. नदीच्या ताज्या खडीत जमिनीलगत पसरलेलं मोठ्या गुलाबी फुलांचं झाड दिसलं, तर ते बहुधा एपिलोबियम लॅटिफोलियम. निळी अफू, म्हणजे मेकोनॉप्सिस अक्युलिआटा, धोंड्यांच्या कुशीत आणि खडकाळ उतारावर शोधायची, सपाट कुरणात नाही. जागा लिहून ठेवली, की निम्मी ओळख तिथेच होते. उंची लिहावीच, पण फोनवरच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. काही अ‍ॅप समुद्रसपाटीपासूनची उंची न दाखवता उपग्रहांच्या हिशोबातली उंची दाखवतात आणि फरक कित्येक दहा मीटरचा पडतो. घांगरियात एकदा ताडून घ्यायचं आणि तो फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा.

फोटोंचा क्रम ठरलेला असावा, दमलेल्या मेंदूला विचार करावा लागू नये इतका. आधी वहीतल्या नोंदीच्या क्रमांकाचा फोटो, म्हणजे पुढचे सगळे त्या झाडाचे. मग जागेसकट पूर्ण झाड. मग पट्टी शेजारी धरून. बुडाची पानं वरून, मग तीच पानं उलटी करून. पानाची पाठ फार बोलकी असते. पोटेंटिला अ‍ॅट्रोसँग्विनियाचं तीन दलांचं पान खालून चंदेरी असतं, तर अनेक प्रिम्युलांच्या पानाखाली पिठासारखी भुकटी असते. मग खोडाला पान कसं जोडलंय: समोरासमोर, एकाआड एक की चक्राकार, देठाच्या बुडाशी उपपर्णं, म्हणजे पानासारखे छोटे तुकडे, आहेत का. रानटी जिरॅनियममध्ये वॉलिचियानम ही जाती रुंद, जोडून गेलेल्या उपपर्णांवरून पटकन हाती लागते. मग फूल मागून, फूल कुशीवरून, आणि शेवटी समोरून. फळ असेल तर तेही. असे आठ-नऊ फोटो. वाऱ्यात फूल हलतं, तेव्हा एका हाताने देठ फुलाच्या दोन बोटं खाली धरायचा. काळं कापड मागे धरलं, की केस स्पष्ट दिसतात.

रंग वहीतच लिहायचा, कारण ढगाळ हवेत फोन स्वतःच्या मनाने रंग दुरुस्त करतो आणि निळ्याचा जांभळा होतो. वासही लिहायचा. मात्र पान तोडून चुरगाळायचं नाही. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि आत पानही तोडायला मनाई आहे. ज्यांना नमुने गोळा करायचे असतात त्यांना वनखात्याची लेखी परवानगी लागते. बाकीच्यांचं काम भिंग आणि कॅमेऱ्यावर व्यवस्थित भागतं.

जिथे हमखास गाडी अडते अशी दोन-तीन कुळं आहेत. पहिलं पेडिक्युलॅरिस. नेच्यासारखी कातरलेली पानं, दोन ओठांचं फूल, गवताच्या मुळांतून थोडं अन्न चोरणारं अर्धपरजीवी झाड. घाटीत याच्या बऱ्याच जाती आहेत आणि समोरून सगळ्या सारख्या भासतात. भेद वरच्या ओठात असतो. तो टोपासारखा असतो आणि टोपाला पुढे चोच असते. चोच आखूड की लांब, सरळ की गोल वळलेली, टोकाशी चिरलेली की नाही, हे फक्त कुशीवरून दिसतं. भिंग डोळ्याला टेकवा, फुलाच्या पातळीवर या आणि बरोबर बाजूने बघा. पेडिक्युलॅरिस बायकॉर्न्यूटाच्या पिवळ्या फुलात दोन शिंगांसारखी टोकं दिसतात, हॉफमाइस्टेराय फिकट पिवळा असून त्याची नळी लांब असते. नळीची लांबी पट्टीने मोजून लिहायची. पानं चक्राकार आहेत की एकाआड एक, एवढ्या एका नोंदीवर निम्म्या जाती गळून जातात.

दुसरं कोथिंबिरीचं कुळ. पांढऱ्या छत्र्या सगळीकडे, आणि सेलिनम, प्लुरोस्पर्मम, हेराक्लियम वगैरे प्रजाती वेगळ्या करायला पिकलेलं फळ लागतं: त्याच्या कडा, कंगोरे, पंख. ऑगस्टमध्ये फळ नसतं. तेव्हा छत्रीखालची छदं (फुलांखालची छोटी पानं) आणि पानाचं आवरण यांचे फोटो घेऊन प्रजातीपाशी थांबणं हेच प्रामाणिक काम. हेराक्लियमच्या रसापासून जपायचं. तो अंगाला लागून वर ऊन पडलं, तर कातडी भाजल्यासारखी होते आणि डाग महिनोन्‌महिने राहतो.

निळ्या फुलांत सायानँथस आणि जेन्शियनची गल्लत होते. जेन्शियनच्या पाकळ्यांच्या मधे घडी घातल्यासारखा छोटा जादा तुकडा असतो आणि पानं समोरासमोर येतात. सायानँथस लोबाटसला तो तुकडा नसतो. त्याच्या निदलपुंजावर काळसर केसांची दाट लव असते, घशात पांढरे केस, पानं एकाआड एक. जेन्शियन ढग आले की मिटतात. सकाळी उघडं दिसलेलं फूल परतताना सापडत नाही ते त्यामुळे, म्हणून जेन्शियन ‘येताना बघू’ म्हणून सोडायची नाही. टोपीसारखं निळं फूल असेल तर बचनाग, मागे शेपटी असेल तर डेल्फिनियम. दोन्ही विषारी, बचनागाचा प्रत्येक भाग विषारी आहे, तेव्हा हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

एकाच जातीतले भेद दोन जातींसारखे दिसणं, हीदेखील वारंवार होणारी फसगत. प्रिम्युला डेंटिक्युलाटाच्या एका झाडाच्या फुलात मधोमध टाचणीच्या टोकासारखा स्त्रीकेसर वर आलेला असतो, शेजारच्या झाडात तो आत दडलेला आणि पुंकेसर वर. जाती एकच, परपरागण व्हावं म्हणून केलेली ती सोय आहे. शिवाय फूल संपल्यावर त्याची पानं कितीतरी मोठी होतात, त्यामुळे जूनच्या फोटोवरून ऑगस्टचं झाड ओळखू येत नाही.

हेमकुंडचा दिवस घाटीनंतर ठेवायचा, आधी नाही. घांगरियाहून सहा किलोमीटरमध्ये १,२०० मीटरहून जास्त चढ आहे आणि शरीराला तीन हजारांवर दोन रात्री मिळालेल्या बऱ्या. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर फूल कितीही जवळ असो, खाली उतरायचं. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान घटतं. बोटं गारठली की भिंग स्थिर राहत नाही; बोटं उघडी असलेले हातमोजे उपयोगी पडतात.

वरच्या टप्प्यात पायऱ्यांच्या आजूबाजूला ब्रह्मकमळ दिसू लागतं. महाराष्ट्रात घराघरांत कुंडीत रात्री फुलणारं जे पांढरं ‘ब्रह्मकमळ’ असतं, ते अमेरिका खंडातलं निवडुंग आहे, एपिफायलम. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा, उत्तराखंडचं राज्यपुष्प. कागदासारख्या, पिवळसर, पारदर्शक होड्या एकमेकींवर मिटलेल्या दिसतात, त्या पाकळ्या नाहीत, छदं आहेत. वरच्या फटीतून आत बघा: जांभळट-काळ्या फुलांचे गोळे एकमेकांना चिकटून बसलेले, बाहेरचा गार वारा आत पोचत नाही अशा उबेत. छदांवर पाण्याचे थेंब आणि आत कोरडं. याच प्रजातीतलं फेनकमळ आणखी वर, खडीत, पांढऱ्या लोकरीच्या गोळ्यासारखं असतं आणि त्या लोकरीच्या डोक्यावर कीटकापुरतं भोक असतं. ब्रह्मकमळाची जागा सांगणारा फोटो आम्ही कुठेही टाकत नाही. हत्ताजडीचाही नाही. हत्ताजडी म्हणजे पंजासारख्या कंदाचं ते जांभळं ऑर्किड, डॅक्टिलोरायझा. ओरबाडणारे लोक असे फोटो शोधतच असतात. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर दुर्मीळ जातींची जागा आपोआप पुसट केली जाते, पण फोटोत मागे ओळखीचा धोंडा किंवा पूल आला, तर त्या पुसटपणाला अर्थ उरत नाही.

संध्याकाळचं काम टाळायचं नाही. घांगरियात वीज असेल तेव्हा आधी बॅटऱ्या लावायच्या आणि त्याच रात्री वही व फोटो जुळवायचे. दुसऱ्या दिवशी पंचवीस नवी झाडं भेटतात आणि आदल्या दिवशीचं ‘केसाळ खोड’ नक्की कोणाचं ते आठवत नाही. अ‍ॅपने सुचवलेलं नाव सुरुवात म्हणून घ्यावं. त्यांना युरोपातल्या आल्प्सच्या झाडांचे फोटो जास्त माहीत आहेत, म्हणून पोटेंटिला किंवा जेन्शियनला ते खुशाल तिकडचं नाव देतात. प्रजाती बहुतेक बरोबर असते, जाती तपासावी लागते. त्यासाठी ओळखसूची घ्यायची. तिच्यात प्रत्येक पायरीला दोनच पर्याय असतात: उपपर्णं आहेत की नाहीत, पान साधं की संयुक्त. उत्तर वहीत नसेल तिथे सूची थांबते, आणि दुसऱ्या दिवशी काय बघून यायचं ते कळतं. म्हणून घाटीत दोन दिवस जायचं: पहिला दिवस दिसण्याचा, दुसरा तपासण्याचा.

घरी आल्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या आणि एडिंबरा, क्यू अशा ब्रिटनमधल्या वनस्पती-उद्यानांच्या संग्रहांतल्या वाळवलेल्या नमुन्यांची चित्रं ऑनलाइन बघून ताळा घ्यायचा. नावं बदललेली असतात हे लक्षात ठेवायचं. घाटीत इतर झाडांना दडपून वाढणारं आणि वनखातं दरवर्षी उपटून काढतं ते पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम आता कोनिगिया पॉलिस्टॅकिया म्हणून नोंदलं जातं. अ‍ॅनिमोन रिव्ह्युलॅरिस काही यादींत एरिओकॅपिटेला झाला आहे. एकाच झाडाची दोन नावं दोन नोंदी म्हणून मोजली, की यादी खोटी फुगते. आमच्या यादीत दर खेपेला साधारण पाचातलं एक झाड प्रजातीवरच थांबतं. त्याच्यापुढे काय कमी पडलं ते लिहिलेलं असतं: ‘फळ नाही’, ‘चोच बाजूने घेतली नाही’, ‘बूड बघितलं नाही’. पुढच्या खेपेची तारीख या शेऱ्यांवरून ठरते. ‘फळ नाही’ जास्त असले, तर सप्टेंबरचा दुसरा आठवडा.